जयवंतरावांनी मोजलेलं फादरांचं कॉलेज

माझ्या दारापासून जयवंत पाटकरांच्या दारापर्यंत बरोबर नऊ पावलं आहेत. हे मी मोजलेलं नाही. सिल्वासाच्या या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा, माझं कपाट अजून टेम्पोतच होतं, आणि पाटकरांनी पुढे येऊन ही माहिती दिली. "माझं पाऊल अडीच फुटांचं. म्हणजे साडेबावीस फूट."

मी म्हटलं, "आमच्या हिचा आवाज किती फुटांवर जातो, तेही मोजून ठेवा."

ते हसले नाहीत. विनोदावर पाटकर दुसऱ्या दिवशी हसतात, रात्रभर तपासून घेऊन.

माणूस मूळचा वेंगुर्ल्याकडचा, नोकरी इथल्या जमीन मोजणी खात्यात. पंचवीस वर्षं शेतं मोजून मोजून त्यांचे पाय खात्याच्या मालकीचे झाले होते. संध्याकाळी दमणगंगेच्या पुलापर्यंत त्यांच्याबरोबर फिरायला जाण्यात काही अर्थ नसे. आपण गावातली ताजी भानगड सांगावी, ते ऐकल्यासारखं करावं आणि पुलाशी पोचल्यावर म्हणावं, "काल चौदा पावलं कमी भरली होती."

त्यांचे दोन नियम होते आणि ते खात्यात सगळ्यांना पाठ होते. पहिला, जागेवर पाय ठेवल्याशिवाय नकाशावर सही करायची नाही. दुसरा, लगतदारांना, म्हणजे ज्यांची शेतं त्या शेताला लागून आहेत त्यांना, बोलावून त्यांचे जबाब घेतल्याशिवाय मोजणीची साखळी जमिनीवर टाकायची नाही. हे नियम शेताला ठीक होते. एक्क्याण्णव साली त्यांनी ते पोटच्या पोरीला लावले.

धनश्री त्यांची एकुलती एक. बारावीला शाळेत दुसरी आली. सिल्वासात तेव्हा पुढचं शिकायची सोय नव्हती. बहुतेक मुलं वापीला जात, सकाळच्या बसने जाऊन दुपारी घरी जेवायला. धनश्रीने मात्र मुंबईच्या एका कॉलेजचं माहितीपत्रक मागवलं. कॉलेज कॅथलिक फादर लोकांचं, जुनं, दगडी. राहायला जवळच नन्सचं मुलींचं वसतिगृह. तिला वनस्पतिशास्त्र घ्यायचं होतं. फॉर्मवर वडिलांची सही हवी होती आणि हातात दहा दिवस होते.

पाटकरांनी एक वही घेतली आणि लगतदारांचे जबाब सुरू केले.

पहिल्या ब्रागांझाबाई. मूळच्या दमणच्या, चर्चच्या रस्त्यावर टायपिंगचा क्लास चालवायच्या. पाटकरांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, तिथे मुलींना प्रार्थनेला बसवतात का? म्हणजे, जबरदस्ती?"

बाई मशीनवरून हात न उचलता म्हणाल्या, "पाटकर, माझ्या स्वतःच्या पोराला रविवारी चर्चला न्यायला मला छत्री उगारावी लागते. तुमच्या पोरीला न्यायला कोणाकडे वेळ आहे?"

पाटकरांनी 'छत्री'सकट लिहून घेतलं.

मग माझी पाळी. आता मला गंभीरपणे काही विचारणं हीच चूक. मी म्हटलं, "दिवाळीला घरी आली की हाक काय मारायची तेवढं आत्ताच ठरवा. धनश्री की डोरोथी?"

हे त्यांनी वहीत लिहिलं. तेही चाललं असतं. पण आत भाकऱ्या थापणाऱ्या त्यांच्या बायकोने, प्रमिलावहिनींनी, ते ऐकलं. आमच्या दोन घरांत वाट्यांची ये-जा असायची आणि कुठलीच वाटी कधी रिकामी परत जायची नाही. निदान चमचाभर साखर तरी घालून जायची. त्यानंतर दोन दिवस आमची वाटी रिकामी आली. धुतलेली, पुसलेली, कोरडी. तिसऱ्या दिवशी बायकोने ती माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "काय बोलून आलात?"

मी माफी मागायला गेलो तेव्हा पाटकर पायरीवर बसले होते.

"तुमचं मनावर घेतलं नाही," ते म्हणाले. "ती बाटेल ही भीती नाही हो मला. तिथली होईल, ही आहे. वापीला गेली तर दुपारी जेवायला घरी असेल."

मी विनोद न करता माफी मागितली. माझ्या आयुष्यात हे फार वेळा घडलेलं नाही.

मग पाटकरांनी एक दिवसाची रजा टाकली आणि वापीहून पहाटेची गाडी धरून मुंबई गाठली. जागेवर पाय ठेवला. दुसऱ्या दिवशी आम्हाला सगळ्यांना ओसरीवर बोलावलं आणि खाटेवर नकाशा पसरला. काय नकाशा होता! उत्तरेचा बाण, प्रमाण, कोपऱ्यात तारीख. फाटकापासून वर्गांच्या इमारतीपर्यंत एकशे बारा पावलं. वसतिगृहापासून कॉलेज सहाशे चाळीस, वाटेत दोन रस्ते ओलांडायचे, एकावर सिग्नल. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, सगळं लिहिलेलं. मधोमध चॅपेल; त्याच्या चार भिंती काढलेल्या आणि आतला चौकोन कोरा.

"आत का नाही गेलात?" वहिनींनी विचारलं.

"दार उघडं होतं," पाटकर म्हणाले. "पण पायांत चपला होत्या. काढायच्या की नाही ते कळेना. विचारायला कोणी नव्हतं."

वहिनी म्हणाल्या, वापीच बरी. माझी बायको म्हणाली, मुंबईच बरी. मी शपथ घेतल्यासारखा गप्प. पाटकर एकेकाचं बोलणं लिहून घेत होते आणि त्यांचा चेहरा वापीकडे झुकलेला स्पष्ट दिसत होता.

पायरीवर वाळू बसला होता. तो खात्यात साखळीचं दुसरं टोक धरायचा, पाटकरांबरोबर सतरा वर्षं. दुधनीकडचा. त्याचं शेत कधीच मधुबन धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. तो विडी विझवून म्हणाला, "सायेब, सगल्यांचा लिवला. जिचा शेत हाये तिचा नाय लिवला?"

पाटकर म्हणाले, "म्हणजे?"

"माजा शेत मोजला तवा मी बांधावर उबा होतो. पहिला जबाब माजा झाला, मंग बाजूवाल्यांचा. तुमीच सांगता ना, खातेदार पहिला?"

पंचवीस वर्षं मोजणी करणाऱ्या माणसाने लगतदारांच्या जबाबांनी वही भरली होती आणि ज्याचं शेत त्यालाच बोलावलं नव्हतं. आणि आम्ही सगळे मोठ्या हौसेने बाजूवाले झालो होतो, मी तर सर्वांत जास्त.

धनश्री दारातच उभी होती. पाटकरांनी वहीचं नवं पान काढलं. "सांग," ते म्हणाले.

ती खाटेपाशी आली, नकाशावर वाकली. बोटाने सगळं फिरून आली. "बाबा, यात संग्रहाची खोली कुठंय?"

"कसला संग्रह?"

"वाळवलेल्या झाडपाल्याचा. माहितीपत्रकात आहे. एका फादरांनी जंगलं फिरून गोळा केलेली हजारो झाडं आहेत तिथे, नावानिशी. मी त्याच्यासाठी जातेय." मग ती वाळूकडे बघून म्हणाली, "वाळूकाकांनी दाखवलेली माझ्या वहीत सत्तर आहेत. त्यांतल्या तिसांची नावं मला नुसती वारली बोलीत माहीत आहेत. वापीला ती कोण सांगणार?"

लहानपणी सुट्टीत ती बापाच्या मागे मोजणीला जायची आणि बाप साखळी ताणत असताना वाळूच्या मागे पानं गोळा करत हिंडायची, हे आम्हाला माहीत होतं. त्याला आम्ही पोरखेळ म्हणत होतो.

"ती खोली मी पाहिली नाही," पाटकर म्हणाले.

"मग मी पाहून येते."

पाटकरांनी तिचा जबाब लिहिला. दोन ओळींचा. मग नकाशाची घडी घातली. शेवटी त्यांनी फॉर्म मागितला, सही केली आणि खाली तारीख घातली. वाळू हळूच म्हणाला, "सायेबांनी आत पाय ठेवल्याबिगर सही केली." त्या दिवशी पाटकर जागच्या जागी हसले.

त्या संध्याकाळी आमची वाटी खोबऱ्याच्या वडीसकट परत आली.

धनश्री गेली त्या दिवसापासून पाटकर पुलापर्यंत जाताना पावलं मोजेनासे झाले. मी भानगडी सांगायचो आणि ते खरंच ऐकायचे. मला त्याचा फार त्रास झाला. तिचं पहिलं पत्र आलं ते त्यांनी मला पुलावर वाचून दाखवलं. संग्रहाची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. वाळूकाकांच्या तिसांपैकी नऊ झाडं सापडली, नावं सोबत लिहिली आहेत, त्यांना वाचून दाखवा. आणि सर्वांत खाली: 'बाबा, चॅपेलमध्ये गेले होते. चपला काढायच्या नसतात. दारापासून पुढच्या कठड्यापर्यंत माझी बावीस पावलं. तुमची सतरा-अठरा भरतील.'

घरी आल्यावर पाटकरांनी नकाशा काढला. चॅपेलच्या कोऱ्या चौकोनात पेन्सिलीने बावीस लिहिलं, बाजूला कंसात 'धनूची'. मग दिवाळीआधीच्या शनिवारसाठी रजेचा अर्ज लिहायला बसले. कारणाच्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं ते मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. प्रत्यक्ष पाहणी.