धाकटीच्या भेटी

दोन बहिणींत ती लहान, म्हणून घरात तिला धाकटी म्हणत. पुढे शेजारीपाजारी म्हणू लागले, मग ती काम करायची त्या चष्म्याच्या दुकानाचे मालकही म्हणू लागले. पन्नाशी उलटली तरी ते नाव काही सुटलं नाही. तिनेही ते सोडवायचा प्रयत्न केला नाही. लग्न केलं नव्हतं, दोन खोल्यांत एकटी राहायची, आणि आपल्याला कोण काय म्हणतं याची तिला फारशी फिकीर नव्हती.

दुकानाच्या पुढच्या खोलीत मालक गिऱ्हाइकांचे डोळे तपासत. नंबर लिहिलेली चिठ्ठी मागच्या खोलीत येई, आणि तिथे धाकटी काच घासायला घेई. चाक फिरत असे, त्यावर पाण्याची बारीक धार पडत असे, आणि गोल काच हळूहळू फ्रेमच्या मापाची होई. जरा जास्त घासली तर काच फ्रेममधून निसटणार, जरा कमी घासली तर बसवताना फ्रेम तडकणार. सव्वीस वर्षं हे काम केल्यावर तिला एक खोड लागली होती. कुठल्याही गोष्टीला ती एकदम हात घालत नसे. आधी बघत बसे.

नाताळच्या भेटी ती याच खोडीच्या जोरावर द्यायची. नाताळला सगळे ताईकडे जमत, आणि प्रत्येकाने प्रत्येकाला काहीतरी द्यायचं असा घरचा रिवाज होता. धाकटीचा पगार बेताचा. बाजारात जाऊन झगमगीत काही आणणं तिला परवडण्यासारखं नव्हतं, आणि परवडलं असतं तरी तिने आणलं नसतं. बाकीचे लोक डिसेंबरात दुकानं पालथी घालत. ही ऑक्टोबरपासून माणसं बघत फिरायची. कोणाचं कुठे अडतं, कोण कशावर करवादतं, कोण रोज तीच वस्तू शोधतं, हे मनात टिपून ठेवायची.

ताईचे यजमान, म्हणजे धाकटीचे भावोजी, घरं रंगवण्याची कामं घेत. जेवायला बसले की रोज टेबल डुगडुगे, आणि रोज ते कागदाची घडी करून पायाखाली सारत, रोज ती घडी केरात जाई. एका नाताळला धाकटीने त्यांना रबराचे चार तुकडे दिले, टेबलाच्या चारही पायांच्या मापाने कापलेले. एकाची जाडी इतरांपेक्षा किंचित जास्त होती. भावोजींनी तुकडे तिथल्या तिथे बसवले, टेबल हलवून पाहिलं, पुन्हा हलवून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, पंधरा वर्षं झाली! मला वाटायचं जमीनच वाकडी आहे."

भाची शिकायला दुसऱ्या शहरात गेली, तेव्हा ती दर दोन दिवसांनी मावशीला फोन करायची. शाईचा डाग कसा काढू? लोकरीचा स्वेटर आटला, आता काय? ताप किती चढला की डॉक्टरकडे जायचं? त्या वर्षी धाकटीने तिला एक वही दिली. तिने विचारलेले सगळे प्रश्न आणि त्यांची उत्तरं त्यात होती, आणि शेवटी दहा पानं कोरी सोडून वर लिहिलं होतं, "हे प्रश्न तू अजून विचारलेले नाहीस." भाची हसून हसून बेजार झाली, पण वही तिने जपून ठेवली. मालकांना एकदा तिने वापरात नसलेल्या काचेचं भिंग करून दिलं होतं. फ्रेमचे इवले स्क्रू खाली पडले की ते जमिनीवर ओणवे होऊन चाचपडत, आणि गिऱ्हाईक वरून बघत बसे, म्हणून.

अशा भेटींचं कौतुक व्हायचं. "धाकटीची नजर म्हणजे नजर," असं ताई चारचौघांत सांगायची. धाकटी वरवर काही दाखवत नसे, पण ते ऐकायला तिला आवडायचं.

ताई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. शाळेची बस चालवायची. अंगाने दणकट, आवाज खणखणीत, आणि कोणाचं ऐकून घेणं तिच्या रक्तातच नव्हतं. वीस वर्षांत तिच्या बसला एक ओरखडा नव्हता, आणि ही गोष्ट ती महिन्यातून एकदा तरी सांगायचीच.

त्या वर्षी ऑक्टोबरात धाकटी ताईकडे गेली आणि सवयीप्रमाणे बघत बसली. ताईने चहा ओतला तो नीट ओतला. पण कप उचलताना डाव्या हाताशी ठेवलेला पाण्याचा पेला तिने पाडला. पेला मोठा होता, काठोकाठ भरलेला होता, न दिसण्यासारखा नव्हता. "मेला कोणी ठेवला इथे?" ताई म्हणाली. तो तिनेच ठेवला होता. पुढच्या खेपेला तिचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आदळला. त्याच्या पुढच्या खेपेला दोघी बाहेर पडत होत्या, घरापासून रस्त्यापर्यंत सात पायऱ्या होत्या, आणि शेवटच्या पायरीवर ताईचा पाय हवेत पडला. कठडा धरला म्हणून वाचली. "चपलाच धड नाहीत," ती म्हणाली.

धाकटीला कळायचं ते कळलं. इतकी वर्षं चष्म्याच्या दुकानात काढल्यावर कळलं नसतं तरच नवल. समोरचं स्वच्छ दिसतं आणि कडेचं जातं, हे कशाचं लक्षण असतं ते तिने मालकांच्या तोंडून अनेकदा ऐकलं होतं. त्या दिवशी तिने तोंड उघडलं. "ताई, डोळे कधी तपासलेस?"

"मला लांबच्या पाटीवरचं वाचता येतं. तुझ्या मालकांना गिऱ्हाइकं कमी पडली की काय?"

एवढ्यावर धाकटी गप्प बसली. पुढे दोन महिने ती गप्पच होती. हेही सांगितलं पाहिजे, कारण पुढे जे झालं ते या दोन महिन्यांमुळे झालं. ताई रोज सकाळी बस काढत होती, बसमध्ये तीस-बत्तीस मुलं असायची, आणि धाकटीला ते माहीत होतं. ती रोज स्वतःला सांगायची की उद्या बोलू. ताईचा चढा आवाज आठवला की उद्याचं परवावर जायचं. शेवटी तिने स्वतःची समजूत घातली की नाताळची भेटच ते बोलेल.

तिने पिवळ्याजर्द खरखरीत पट्ट्या आणल्या आणि सात पायऱ्यांच्या मापाने कापल्या. मापं घ्यायला ती ताई कामावर असताना जाऊन आली होती. आणि मालकांना सांगून एक छोटा फुगीर आरसा मिळवला, बसच्या डावीकडच्या आरशावर चिकटवता येईल असा. कडेचं त्यात बरंच सामावत असे. सगळं एका खोक्यात घालून तिने वर कागद गुंडाळला. मनासारखी भेट झाली की तिला जसं समाधान वाटे, तसं मात्र या वेळी वाटलं नाही.

नाताळच्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर खोकी उघडली गेली. भाची सुट्टीला आली होती. ताईने कागद फाडला, पट्ट्या बाहेर काढल्या आणि उलटसुलट करून पाहिल्या.

"हे काय?"

"पायऱ्यांना लावायला," धाकटी म्हणाली. "काठ ठळक दिसतो."

भावोजींना थट्टेची सवय. "म्हणजे आमच्या बाईसाहेबांना पायऱ्या दिसत नाहीत म्हण की!"

सगळ्यांच्या आधी भावोजीच हसले, आणि एकटेच हसले. कारण भाची म्हणाली, "आई, मागच्या महिन्यात तू पडलीस ना? गुडघा सुजला होता. फोनवर मला म्हणालीस, बाबांना सांगू नको."

भावोजींचं हसू जिथल्या तिथे राहिलं. ताईने खोक्यात हात घातला आणि तो आरसा काढला. तो कशासाठी आहे हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती; ती वीस वर्षं आरशांत बघून पोट भरत होती. तिने आरसा टेबलावर पालथा ठेवला, उठली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.

धाकटी तिच्यामागे आत गेली. ताई धुऊन ठेवलेलीच भांडी पुन्हा धूत होती.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"ऑक्टोबर."

"आणि आज सांगतेस. तेही कागदात गुंडाळून."

"तू ओरडली असतीस."

"ओरडले असते. मग? मी ओरडल्याने तू मरणार होतीस?" ताईचा आवाज उलट खाली आला होता, आणि धाकटीला तेच जड गेलं. "अगं, मुलं असतात माझ्या बसमध्ये. आणि तू मला आरसा देतेस? म्हणजे मी तशीच चालवत राहू?"

तुलाही कळत होतं की, तूही लपवलंस, असं धाकटीच्या जिभेवर आलं होतं. ते खरंही होतं. पण तिने गिळलं. थोड्या वेळाने पायांत चपला सरकवून ती घरी गेली.

शाळा उघडायला नऊ दिवस होते. पाचव्या दिवशी सकाळी ताई दुकानात आली. मागच्या खोलीकडे तिने पाहिलंही नाही. मालकांसमोरच्या खुर्चीत जाऊन बसली आणि म्हणाली, "तपासा." चाकाचं पाणी बंद करून धाकटी पडद्याआड उभी राहिली. मालकांनी डोळ्यांतला दाब मोजला, पुन्हा मोजला आणि मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली.

दवाखान्यात ताईला एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवलं. आत इथे-तिथे ठिणगी चमकेल, दिसली की बटण दाबा, असं सांगितलं. ताई बराच वेळ बटण न दाबता बसली आणि मग म्हणाली, "सुरू करा की." तपासणारी बाई म्हणाली, "कधीच सुरू झालंय." हे ताईनेच नंतर सांगितलं, हसत, पण ते नंतर.

काचबिंदू निघाला. गेलं ते परत येणार नव्हतं. राहिलं ते रोज थेंब घालून सांभाळता येण्यासारखं होतं. दवाखान्यातून ताई परस्पर बसच्या कार्यालयात गेली, कागद टेबलावर ठेवला आणि खिशातून किल्ली काढून त्यावर ठेवली. भावोजी सोबत होते, त्यांना तिने कार्यालयाच्या दाराशीच थांबवलं. शाळा उघडली त्या दिवशी तिची बस दुसऱ्या चालकाने काढली.

त्यानंतर दोन महिने ताई धाकटीशी बोलली नाही. धाकटी दर रविवारी जायची, बसायची, भावोजींशी इकडचं तिकडचं बोलायची आणि परत यायची. ताई खिडकीपाशी बसून असायची. एकदा भावोजी पायऱ्यांपर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "राग तुझ्यावर नाही गं तिचा. पण काढायला माणूस लागतंच ना कोणीतरी." धाकटी म्हणाली, "माझ्यावरही आहे, भावोजी. असू दे."

मार्चमध्ये कार्यालयातून निरोप आला. मुलांना बसमध्ये चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या बाई काम सोडून जात होत्या. ती जागा हवी का? ताईने आधी सडेतोड नकार दिला. मालकिणीने मोलकरीण व्हायचं का, म्हणाली. चार दिवसांनी गेली आणि रुजू झाली. नव्या चालकाचं पहिल्या आठवड्यातच तिने डोकं खाल्लं. तो बिचारा ऐकून घ्यायचा, कारण कुठल्या वळणावर कुठला कुत्रा आडवा येतो इथपर्यंत तिला सगळं पाठ होतं. त्या रविवारी धाकटी गेली तेव्हा ताईने चहाचा कप तिच्यापुढे आदळला आणि म्हणाली, "साखर कमी वाटली तर तोंडाने सांग." धाकटीने सांगितलं, कमी आहे. ताईने साखर आणून दिली.

पुढच्या नाताळच्या आधी धाकटीने पहिल्यांदाच प्रत्येकाला विचारलं, तुला काय हवंय? लोकांना ते मुळीच रुचलं नाही. "विचारून दिलंस तर त्यात मजा काय राहिली?" भावोजी कुरकुरले आणि पायमोजे मागून मोकळे झाले. भाचीने वहीची दहा कोरी पानं भरून मागितली. ताईने मात्र विचार करायला दोन दिवस घेतले.

"तू गाडी शीक," ती म्हणाली.

"मी? या वयात?"

"यांना चालवता येत नाही, आमची जुनी गाडी खाली नुसती गंजत पडलीय. मला गाडीत बसायचंय. चालवणारं माणूस मी घडवलेलं असावं, एवढंच माझं म्हणणं."

धाकटीने शिकवणीत नाव घातलं. शिकवणारा पुढे तिच्याशेजारी बसायचा आणि ताई हट्टाने मागच्या सीटवर. तो एक सांगायचा, ताई त्याच्या डोक्यावरून दुसरं. काच घासणाऱ्या बाईचा स्वभाव गाडीतही आडवा आला: रस्ता मोकळा असला तरी ती आधी बघत बसायची, आणि मागच्या गाड्या भोंगे वाजवून जीव नकोसा करायच्या. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. परीक्षकाने शेऱ्यात लिहिलं होतं की गाडी चौकात विनाकारण थांबते. ताईने तो कागद वाचला आणि परीक्षकाला अक्कल नाही असं ठरवून टाकलं.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. आता रविवारी दुपारी दोघी गाडी काढतात आणि शहराबाहेरच्या रिकाम्या रस्त्याला लागतात. कुठे जायचं असं काही नसतं. ताई शेजारी बसते आणि गियर उशिरा पडला की कपाळाला हात लावते. धाकटीला वाटलं तर ती उलट बोलते. मग थोडा वेळ दोघींचं कडाक्याचं वाजतं, आणि गाडी आपली चाललेली असते.