मीटरवाल्या भाऊरावांची भांडी

भाऊराव सोमकुंवर पंचवीस वर्षांचे होते तेव्हा पांढुर्ण्यात त्यांच्या उजव्या हाताचं नाव होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि दिवसभर दोन्ही काठांवरून दगड चालतात. हीच गोटमार. पांढुर्ण्यानं झाड तोडून आणायचं, सावरगावानं ते तोडू द्यायचं नाही. भाऊराव गोफणीला हात लावत नसत. नुसत्या हातानं फेकलेला त्यांचा गोटा ज्याला मारायचा त्यालाच लागायचा. वडील पक्के धम्माचे. गोटमारीच्या आदल्या दिवशी ते पोराला मामाच्या गावी पाठवून द्यायचे आणि पोरगा सकाळच्या पहिल्या गाडीनं परत यायचा.

एकोणनव्वद साली दुपारी तीनच्या सुमारास सावरगावच्या काठावर एक जण डोकं फुटून पाण्याच्या कडेलाच पडला. पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस गर्दीतून पुढे आला आणि त्याला काखेत धरून मागे ओढू लागला. त्याच्या हातात दगड नव्हता. भाऊरावांच्या मागून कुणी तरी ओरडलं, "तो पाह्य, पांढरा! लाव त्याले!" भाऊरावांनी नेम धरला. त्या माणसानं शेवटच्या क्षणी वर पाहिलं आणि तोंड वाचवायला उजवा हात आडवा धरला. गोटा मनगटावर बसला. एवढ्या गलक्यात आवाज काही ऐकू आला नाही, पण पंजा मनगटापासून खाली लोंबला ते स्पष्ट दिसलं. पोरांनी भाऊरावांना खांद्यावर घेतलं. ते खांद्यावर असतानाच पलीकडून आलेला दगड त्यांच्या तोंडावर बसला आणि पुढचे दोन दात गेले.

संध्याकाळी दवाखान्यात शेजारच्या खाटेवर तोच पांढरा सदरा होता, आता लाल झालेला. पट्टी बांधणाऱ्या माणसानं सांगितलं, "हे सावरगावचे यशवंतराव. शिकले सवरले आहेत, पन हातानं भांडे बनवतात. मनगटाचा चुरा झाला म्हणे."

भाऊराव तोंडात कापूस धरून पडले होते. बोलता येत नव्हतं. ते म्हणतात, बोलता आलं असतं तरी बोललो नसतो.

मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. हे सगळं त्यांनी मला पस्तीस वर्षांनी सांगितलं.

यशवंतराव जातीचे कुंभार नव्हते. चित्रकलेच्या शाळेत शिकले, तिथं चाकावर हात बसला, आणि नोकरी न धरता बहात्तर साली सावरगावात चाक मांडून बसले. लोक त्यांना ‘कॉलेजचा कुंभार’ म्हणायचे. वर्षातून दोनदा लाकडाची भट्टी पेटायची. कपाशीच्या पऱ्हाटीची आणि संत्र्याच्या वाळक्या फांद्यांची राख कालवून ते भांड्यांना झिलई द्यायचे. कुठं ती मधासारखी, कुठं शेवाळासारखी यायची, आणि कोणतीही दोन भांडी सारखी निघायची नाहीत. बुडाशी काडीनं कोरलेला एक ‘य’. बरण्या, वाडगे, सुरया, पेले, अशी सतरा वर्षं भांडी निघाली. त्या दुपारनंतर एकही नाही. यशवंतराव बायकोच्या माहेरी सौसरला राहायला गेले.

दोन वर्षांनी भाऊरावांना वीज खात्यात मीटर वाचायचं काम लागलं. तेव्हा मीटर घराच्या आत असायचे, त्यामुळे सगळ्यांची स्वयंपाकघरं त्यांना दिसायची. एका घरी मीटरखाली चुन्याची बरणी ठेवलेली होती, अर्धी पांढरी पडलेली. पुसून पाहिली तर बुडाशी ‘य’. त्यांनी घरच्या बाईला विचारलं आणि दुसऱ्या दिवशी नवा स्टीलचा डबा नेऊन देऊन बरणी घरी आणली.

मग थांबलेच नाहीत. कुठं लोणचं, कुठं एरंडेल तेल, कुठं कोंबड्यांचं पाणी. जिथं ‘य’ दिसेल तिथं भाऊराव स्टीलचं भांडं घेऊन हजर. त्यांची बायको चंद्रकलाबाई मला म्हणायची, "सरजी, याइले समजवा ना. घरात पोळीचा डबा ठेवाले जागा नाई, अन् हे फुटके वाडगे आणून राहिले." पण घासायची तीच, राखेनं, अगदी जपून. कशासाठी जमवता, असं विचारलं की भाऊराव म्हणायचे, "चांगले वाटतात." सौसरमधल्या एका गल्लीतले मीटर मात्र त्यांनी कधीच वाचले नाहीत. त्या गल्लीच्या बदल्यात ते सोबत्याची दुप्पट घरं करायचे.

दगड उचलणं त्यांनी सोडलं होतं, हात उचलणं सुटलं नव्हतं. एकदा मोहगावच्या रस्त्यावर चार माणसं शेताच्या धुऱ्यावर राखेच्या झिलईची एक उंच सुरई मांडून तिच्यावर दगडांनी नेम धरत होती. भाऊराव सायकलवरून उतरले. "नका मारू, मले द्या," म्हणाले. त्यातला एक हसला आणि त्याचा पुढचा दगड सुरईच्या गळ्यावर बसला. पुढचं भाऊरावांना नीट आठवत नाही. चौघांनी मिळून त्यांना ओढून काढलं तेव्हा त्या माणसाचं नाक फुटलेलं होतं, एक कान फाटला होता आणि भाऊराव त्याच्या छातीवर बसलेले होते. खात्यानं चार महिने घरी बसवलं. सुरईचा खालचा भाग त्यांनी तशाच रक्ताच्या हातांनी घरी आणला.

दुसऱ्या वेळी मार त्यांनाच बसला. पोरं पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाइलवर पसरली होती. सौसरकडच्या एका खेड्यात काळ्या झिलईचा वाडगा असल्याचं कळलं म्हणून भाऊराव सुट्टीच्या दिवशी तिकडे गेले. वाडगा मिळाला. तो पोत्यात गुंडाळून ते बसथांब्याकडे निघाले तेवढ्यात कुणी तरी विचारलं, "पोत्यात काय हाये बे?" उत्तर द्यायच्या आत पाठीवर काठी बसली. मग वीस-पंचवीस माणसं. लाथा, काठ्या, सायकलची चेन. भाऊराव पोत्यावर पालथे पडून राहिले. "मीटरवाला आहो जी, मीटरवाला!" असं ओरडत होते, पण ते गाव त्यांच्या फेरीत नव्हतं, तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. ज्या घरातून वाडगा घेतला होता तिथली म्हातारी धावत येऊन त्यांच्या अंगावर आडवी पडली, म्हणून वाचले. तीन बरगड्या मोडल्या. दवाखान्यात मी भेटायला गेलो तर पहिला प्रश्न, "सरजी, वाडगा पाह्यला का? साबूत हाये ना?"

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. त्यानंतर महिनाभरानं सौसरहून एक बाई त्यांच्या दारात उभी राहिली. पन्नाशीची, शाळेत शिकवणारी, नाव अनुराधा. ती यशवंतरावांची मुलगी होती.

"तुमच्याकडे बाबांची भांडी आहेत असं कळलं," ती म्हणाली. समोरच्या खोलीतल्या फळ्यांकडे पाहून ती खुर्चीवर बसलीच. "आमच्या घरी एकही नाही हो. बाबांनी घर सोडताना सगळी वाटून टाकली. आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. एकदा त्यांना दाखवायला आणाल का?"

भाऊराव "हाव" म्हणाले आणि ती गेल्यावर तिथंच जमिनीवर बसले. तीन दिवस धड जेवले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी चंद्रकलाबाईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इतके वर्षं मी त्या माणसाचे भांडे घासून राहिली, अन् तुमी मले सांगतलं नाई?"

"हिंमत नाई झाली."

"आता करा. आधी सांगा, मंग भांडे दाखवा. उलटं करसान तर मी येत नाई."

पेट्या माझ्या गाडीतून गेल्या, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

यशवंतराव मागच्या अंगणात बाजेवर बसले होते. उजवा पंजा आत वळलेला, बोटं सुकलेली. अनुराधानं सतरंजी अंथरली. आम्ही पेट्या ठेवल्या. भाऊराव बसले नाहीत.

"जी, आधी एक सांगतो," ते म्हणाले. "एकोणनव्वदच्या गोटमारीत तुमच्या हातावर जो गोटा बसला तो माह्या होता. चुकून नाई लागला. तुमी त्या माणसाले ओढून राहिले होते, ते मले दिसत होतं. तरी नेम धरून मारला."

पाण्याचे पेले घेऊन येणारी अनुराधा दारातच थांबली. यशवंतरावांनी भाऊरावांकडे पाहिलं, पेट्यांकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "काय काय आणलं?"

"जी?"

"भांडे. दे एकेक."

भाऊरावांनी पहिली बरणी दिली. म्हाताऱ्यानं ती डाव्या हातानं फिरवली, मांडीवर ठेवून बोटाच्या पेरानं वाजवली आणि बाजूला ठेवली. दुसरं भांडं, एक उंच पेला, त्यांनी क्षणभर पाहिलं आणि समोरच्या विटांच्या भिंतीवर फेकून मारलं.

"बाबा!" अनुराधा ओरडली.

"वाकडा होता. भट्टीतच वाकला होता. मी उकिरड्यावर टाकला होता, कोनं उचलला?" त्यांनी हात पुढे केला. "दुसरं दे."

भाऊराव देत गेले. एक ठेवलं की तीन भिंतीवर. "बूड जाड." फुटलं. "झिलई पळाली." फुटलं. "हे घाईत केलं." फुटलं. काही वेळा ते कारणच सांगत नव्हते. आधी भांड्याकडे पाहायचे, मग भाऊरावांकडे, आणि फेकायचे. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या डाव्या हातात एवढा जोर कुठून आला होता, कोण जाणे. खापऱ्या आमच्या पायांपर्यंत उडत होत्या. चंद्रकलाबाई तोंडाला पदर लावून रडत होती. भाऊराव मात्र पेटीतून पुढचं भांडं काढून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरत होते.

शेवटी त्या काळ्या वाडग्याची पाळी आली. यशवंतरावांनी तो घेतला, पाहिला आणि हात मागे नेला.

"हा नाई जी," भाऊराव म्हणाले. "हा नका फोडू."

"माझा आहे."

"तुमचाच हाये. पन हा नाई." त्यांनी वाडगा धरला. म्हातारा सोडेना. झटापट झाली, आणि त्या झटापटीत भाऊरावांच्या मुठीत यशवंतरावांचं उजवं मनगट आलं, तेच, आत वळलेलं. विस्तवावर हात पडावा तसे ते मागे झाले. यशवंतरावांनी वाडगा उचलून सरळ त्यांच्या तोंडावर मारला.

भुवईवर लागला. रक्ताची धार डोळ्यावरून हनुवटीपर्यंत आली आणि भाऊराव गुडघ्यांवर बसले. वाडगा सतरंजीवर पडून गरगर फिरला आणि थांबला.

"पाह्य," यशवंतराव धापा टाकत म्हणाले, "फुटला नाई. चांगला भाजला होता."

अनुराधानं बापाचे दोन्ही खांदे धरून त्यांना गदागदा हलवलं. "माणूस मारताय का तुम्ही? माणूस?" मग ती चंद्रकलाबाईला आणि भाऊरावांना घेऊन रिक्षानं दवाखान्यात गेली. पाच टाके पडले.

अंगणात मी आणि यशवंतराव दोघंच राहिलो. मी पाणी दिलं. अर्धा पेला पिऊन म्हणाले, "मास्तर, तो कोन होता हे कळलं तर त्याले असं मारन, तसं मारन, असे लय वर्षं इचार केले. वाटलं होतं, मारल्यावर बरं वाटन." पेला खाली ठेवून म्हणाले, "नाई वाटलं."

डाव्या हातानं चाक शिकायचा त्यांनी कितीतरी वर्षं प्रयत्न केला होता, तेही तेव्हाच सांगितलं. माती वर यायची, पण हवी तिथं थांबायची नाही.

भाऊराव डोक्याला पट्टी बांधून परत आले तेव्हा ठेवलेली भांडी यशवंतरावांनी सतरंजीवर ओळीनं लावून घेतली होती. चौदा होती, काळा वाडगा धरून.

"एवढेच खरे माझे," ते म्हणाले. "हे घेऊन जा. अन् तुले माफ केलं असं समजू नको."

"नाई समजत जी."

"मोहगावले एका लग्नात मी एक परात दिली होती. तितली मोठी पुन्हा कधी जमली नाई. असन तर पाहून ये."

भाऊराव टाके काढायच्या आधीच मोहगावला गेले. चार घरं विचारल्यावर गायत्री नावाच्या बाईच्या घरी परात सापडली. तिच्या सासूच्या लग्नातली. गायत्री तिच्यातच कणीक मळत होती. भाऊरावांनी नवी स्टीलची परात नेली होती, ती दाखवली.

"नाई देत," गायत्री म्हणाली. "स्टीलमधे कनीक सरकते. इच्यात कशी बसल्या जागी मळते."

भाऊरावांनी जोर केला नाही. तिनं कणकेचा गोळा काढून परात धुतली, उलटी करून दाखवली, आणि त्यांनी मोबाइलवर फोटो घेतले. चहा पिऊन ते तिथूनच सौसरला गेले. यशवंतरावांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून फोटो पाहिले.

"कड बरोबर आली आहे," ते म्हणाले. "पोळ्या कशा होतात तिच्या?"

"ते नाई विचारलं जी."

"मंग काय पाह्यलं तुनं?"

भाऊराव पुढच्या गुरुवारी पुन्हा मोहगावच्या बसमध्ये बसले.