भागीआतेनं बोलावलेली देवी

मी आमच्या मुरबाडकडच्या गावातला पहिला बी. ए. मिरवायला सांगत नाही... बरं, मिरवतोही. भुतंखेतं, अंगात येणं असलं काही मी कधीच मानलं नाही. आजही मानायची इच्छा नाही. पण भागीआतेचं जे झालं, ते मी समोर बसून पाहिलंय.

आते म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. ती धवळारीण होती. आमच्याकडे लग्नाचे विधी धवळारणीच्या गाण्यानं लागतात, तिनं धवळा गायला की विधी पुरा. शहापूर-मुरबाड दोन्हीकडून तिला बोलावणं यायचं. सही येत नव्हती, पण काय गळा होता!

दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हाची गोष्ट. आटगावजवळ नात्यातलं लग्न. सकाळी आते हळदीची गाणी गायला बसली. पहिला धवळा देवांच्या आवतणाचा — गावदेवी, कुलदेवी, वाघोबा, शिवाय भिंतीवर तसबिरीत असतील तेवढे सगळे. एकही सुटलेला चालत नाही. त्या भिंतीवर नवरीच्या आईनं एक नवी तसबीर टांगली होती. कल्याणच्या कापडवाल्याचं कॅलेंडर, तारखा कापून काढलेलं. शालू, नथ, कपाळावर चंद्रकोर, एक हात वर. वरून हळदकुंकू, झेंडूची माळ!

मला हसू फुटलं. तो संगीत नाटकातला नामांकित गायक नट होता — नायिकेच्या वेषात. कॉलेजात असताना मी त्याला पिटात बसून ऐकला होता.

"ही कोन गो देवी?" आतेनं विचारलं.

"काय म्हाईत. पन तोंडावर तेज बघ ना!" नवरीची आई म्हणाली.

"आते, बाप्या आहे तो," मी म्हणालो.

बायका खो खो हसल्या. "बाप्याला नथ? बी. ए. झाला नि डोले गेले पोराचे!"

आतेनं आवतण गायलं — नाव ठावं नाय गो माय, जी असशील ती ये लग्नाला.

पुढचा धवळा तिनं उचलला, आणि तोंडातून निघालं त्या नटाचं पद... त्याच भूमिकेतलं. त्याच ताना, श्वास तोडायची तीच लकब, आवाजही त्याचाच. गावात ना ग्रामोफोन, ना रेडिओ. आतेनं जन्मात नाटक पाहिलं नव्हतं. बायका आधी हसल्या. मग त्यांनी आतेचे डोळे पाहिले. ती दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबत होती, आणि बोटांमधून तान निघत होती.

पद संपलं. पाणी पिऊन तिनं परत धवळा धरला... परत तेच. नवरी अर्ध्या हळदीत रडायला लागली. शेवटी पाड्यावरून दुसरी बाई आणून लग्न उरकलं.

लग्नानंतर देवांना नाव घेऊन बोळवतात, म्हणजे परत पाठवतात. आते म्हणाली, "बाबू, तुला नाव ठावं हाय ना त्याचं? सांग. मी परत धाडते त्याला." मी सांगितलं. ती बोळवणीचं गायला लागली — तेच पद.

"मंग जिचं सोंग घेतलंय तिचं नाव सांग."

तेही सांगितलं. तेच पद.

तसबीर भातसा नदीत सोडली. डॉक्टर म्हणाले, गळा ठणठणीत आहे. बोलायची नीट, फक्त गायला तोंड उघडलं की तो हजर. मेलेल्याचं भूत म्हणावं, तर नट जिवंत होता! मुंबईला जाऊन मी मुद्दाम त्याचा प्रयोग पाहिला. झोकात गात होता. आत जाऊन त्याला भेटणार होतो... पण सांगणार काय? तसाच परत आलो.

आते वाट बघत होती. "तू येवढा शिकला. माझा गला कुठं गेला, सांग ना रे."

 

माझ्या लग्नाला शहापूरकडची धवळारीण आणावी लागली. बायकांनी सूर धरला तेव्हा आतेनं पदराचा बोळा करून तोंडात कोंबला, आणि मला हळद लागेपर्यंत ती तशीच बसून राहिली.