होमस्टे म्हणजे घरी येऊन राहणं

मी चित्रकलेचा मास्तर होतो. रिटायर झालो तरी हात शिवशिवायचा, आणि तोंड तर त्याहून जास्त. म्हणून पांढरकवड्याकडच्या एका कोलाम पोडावर जुनी घरं दुरुस्त करून पाहुणे ठेवायचे, असं यवतमाळच्या एका संस्थेच्या बैठकीत निघालं तेव्हा सगळ्यात आधी माझा हात वर गेला. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, जंगलाला लागून. जंगलात वाघ, वाघापायी नागपूर-हैदराबादचे पाहुणे. ते हॉटेलात उतरण्यापेक्षा पोडावर उतरले तर वस्तीला काम मिळेल, असा साधा विचार होता.

बायको म्हणाली, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. पोराच्या खोलीतले तुमचे चित्रं काढा पहिले." आमचा मुलगा पुण्याला असतो. आमच्या यवतमाळच्या घरातल्या त्याच्या खोलीत मी माझी चित्रं रचून ठेवली होती, फ्रेमसकट, पलंगावरसुद्धा. त्यामुळे तो आला की दारव्ह्याला सासऱ्याकडे उतरायचा आणि आमच्याकडे चहाला यायचा. आजकालची पोरं अशीच, असं मी चारचौघांत सांगत असे.

पोडावर सगळ्यांनी मिळून ठरवलं की जे घर जास्त पडलंय तिथून सुरुवात करू. ते एका म्हाताऱ्या मावशीचं निघालं. नवरा वारलेला. अर्धं छप्पर बसलं तेव्हा मुलगा बायकोला घेऊन पांढरकवड्याला भाड्याच्या खोलीत गेला. तो हैदराबाद रोडवर ट्रक चालवायचा. मावशी उरलेल्या अर्ध्या छपराखाली एकटी राहत होती.

मी तिला म्हणालो, "मावशी, तुमच्या घराचा होमस्टे करायचा आहे."

"कायचा होम?" तिला वाटलं भटजी येणार.

मास्तरकी अंगात आली. मी सोपं करून सांगितलं, "होमस्टे म्हणजे घरी येऊन राहणं."

"घरी येऊन राह्यनं," ती पुटपुटली. मग म्हणाली, "घर चांगलं झालं तं येते का मानूस राह्याले?"

"न येऊन सांगतो कोणाला? लांबून लांबून येतात."

"पोरगा म्हने, पान्यात कुठं झोपू मी. गेला तवापासून रात रायला नाही घरी. तो आला पाह्यजे सर, बाकी मले काही नको."

हो हो, येईल, असं म्हणून मी वहीतलं घराचं चित्र तिच्यापुढे धरलं. अर्थात उलटं.

काम पोडानंच केलं. तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या काड्यांच्या भिंतीचा, नवा कुड बांधला, दोन्ही अंगांनी मातीचा गिलावा चढवला, छपरावरचे माकडांनी फोडलेले कवेलू बदलले. आज या घरचे, उद्या त्या घरचे, अशी पाळी लावली होती. मी शिडीवर चढून सूचना करायचो. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच, फक्त उंटाऐवजी शिडी. एकदा माती तुडवतानाचा फोटो हवा म्हणून चिखलात उतरलो आणि बसलोच. बायांनी मला गंभीर चेहऱ्यानं ओढून काढलं. पाय धुवायला हापशीवर गेलो तेव्हा मागून अख्ख्या पोडाचं हसणं ऐकू आलं.

गिलावा वाळला. मातकट, गार, कोरी भिंत. मला राहवलं नाही. दिवसभर खपून मी भिंतीवर वारली काढली. फेर धरलेले नाचरे, तारपेवाला, ताडाचं झाड. मागे सरकून पाहिलं आणि स्वतःवरच खूश झालो.

मावशी आली. बराच वेळ पाहत राहिली. "हे कोन लोक होय, सर?"

"तुमचेच, मावशी. आदिवासी."

"आमच्यात इतकं लुकडं कोनी नाही."

शेजारीण म्हणाली, "उपाशी दिसून राह्यले बिचारे."

वारली तिकडे डहाणूकडचे, महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाचे. मी जन्मभर वर्गात हेच शिकवलं. पण मातीची भिंत दिसली की आम्हा शहरातल्यांचा हात आपोआप त्रिकोण काढतो. पुढच्या खेपेला गेलो तर भिंत स्वच्छ सारवलेली. दाराजवळ एका नाचऱ्याचा पाय तेवढा राहिला होता.

"काहून पुसलं, मावशी?"

"येनार हाय ना राह्याले. मंग भिंत साफ नको?"

मला वाटलं, पाहुण्यांबद्दल बोलते आहे. पहिलं नागपूरचं जोडपं त्याच आठवड्यात यायचं होतं.

ते यायच्या दिवशी मी झेंडूचे हार घेऊन आधीच पोडावर पोचलो. मावशीच्या दारासमोर ट्रक उभा. आत नव्या खोलीत, पाहुण्यांसाठी आणलेल्या नव्या चादरीवर, तिचा मुलगा घोरत पडला होता. सून दोरीवर लुगडं वाळत घालत होती. मावशी उंबऱ्यात बसली होती. तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता.

"आला, सर," ती म्हणाली.

"अहो मावशी, ही तर पाहुण्यांची खोली. होमस्टे."

"तुमीच तं म्हनलं. घरी येऊन राह्यनं. मंग आला तो घरी."

मी पोडावरच्या चार जाणत्यांकडे पाहिलं, कोणी तरी तिला समजावेल म्हणून. ते म्हणाले, घर तिचं, पोरगा तिचा, आता त्याले उठवाचं कायले? नागपूरकरांना त्यांनी शेजारच्या ओसरीत खाटा टाकून दिल्या. मावशीच्या सुनेनं त्यांना ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली, ते बोटं चाटत जेवले. हार उरले होते. तेवढ्यात मुलगा डोळे चोळत बाहेर आला, मी एक त्याच्या गळ्यात घातला. त्यानं आईकडे पाहिलं, हा माणूस बरा आहे ना, अशा नजरेनं.

मला राग यायला हवा होता. आला नाही. मला त्या मावशीचा हेवा वाटला.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "राह्यलं का कोनी?"

"राह्यलं. तिचा पोरगा."

ती हसली नाही. भाजी निवडत राहिली. मग खाली मान घालूनच म्हणाली, "त्याईनं मातीचं केलं तं पोरगा आला. आपलं स्लॅबचं असून काय झालं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाच्या खोलीतली चित्रं काढायला लागलो. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं ती. पलंग दिसायला लागला. रिकाम्या भिंतीकडे पाहून मी म्हणालो, "एक लहानसं ठेवू का?"

"काहीच नको," ती म्हणाली, "फोन लावा त्याले."