पाव्हण्यांच्या कोरड्या पायऱ्या

दोन हजार चोवीस साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो, आणि तोवर माझी पक्की खात्री झाली होती, की आमच्या व्याह्यांना विचारल्याशिवाय कृष्णामाई समुद्राकडं जात नाही. ते वाईला, मी सांगलीत; माझी धाकटी लेक त्यांच्या घरात दिलेली. हा माणूस तीस वर्षं रोज सकाळी घाटाच्या पायऱ्या मोजतो, पाऊस किती पडला ते वहीत लिहितो आणि मला फोन लावतो. रामराम नाही, तब्येत नाही. "पाव्हणं, आज अठरा!" की फोन बंद. मी चौथी नापास, पण नदीकाठी जन्मलेला. मला कोण नदी शिकवणार? आकडा मोठा म्हणजे पाणी मोठं, असं मी धरून चाललो. पुराच्या साली फोन आला, "आज दोन!" मी गल्लीभर सांगून टाकलं, माई ओसरली, निवांत जेवा. तिसऱ्या दिवशी माझी कॉट तरंगत शेजाऱ्यांच्या दारात. मी भडकलो, तर हे म्हणतात, "आवं, दोनच कोरड्या ऱ्हायल्यात म्हनलं! मानूस वरनं उतरतो, मग वरनंच मोजनार न्हवं?"

लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही हा माझा नेम. त्यावर व्याही म्हणायचे, "मग सांगलीत नळाला काय येतं? आमचंच की, दोन दिसांचं शिळं!" मुलगी दिलीय म्हणून ऐकून घ्यायचो.

एका वादात मात्र मी हटलो नाही. नदी कमी-जास्त होते ती धरणामुळं, असं माझं म्हणणं. ते उसळायचे. "धरण निस्तं दार हाय. आत येतं ते आभाळातनंच न्हवं? चार म्हयन्यांचा पाऊस आता चार दिसांत उरकतोय. समुद्राला एक दीस जेवन, मग उपास. पर ते एका सालात न्हाई कळायचं. तीस सालं रांगंत लावा, मग बोला."

चोवीसच्याच पावसाळ्यात एका सकाळी पायऱ्या मोजून परतताना ते शेवाळावर घसरले. संध्याकाळी मी वाईत पोचलो. पाय प्लॅस्टरमध्ये, वही उशाला. जावई समजावत होते, "दादा, एक दीस ऱ्हायला तर काय बिघडतंय?" दादांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. पोरगा बाहेर गेल्यावर मला हळूच म्हणाले, "तीस सालांत एक बी रकाना रिकामा न्हाई, पाव्हणं. उद्याचा पडतोय." आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. मला कुणाचा हुकूम सोसत नाही, आणि त्यांनी तो केलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी काठी टेकत घाटावर गेलो. मोजत मोजत पाण्याला पाय लागेपर्यंत उतरलो. मध्ये चुकल्यासारखं वाटलं, म्हणून वर चढून पुन्हा पहिल्यापासून उतरलो. घरी आलो तर ते डोळे मिटून पडलेले. उशाची वही हळूच ओढली आणि माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं, 'अकरा'.