नर्सबाई आणि पेशवाईतलं पोर

पंचवटीत आमच्या शेजारी एक नर्सबाई राहायच्या. आवाज करडा, बोलणं हुकमी. दर रविवारी त्या आमच्याकडे मालिका बघायला यायच्या. तिच्यात आजच्या काळातला एक मास्तर पेशवाईत जाऊन पोचतो. तिथल्या तरुण सरदाराच्या खुनाचा कट त्याला आधीच ठाऊक असतो. बाई टीव्हीलाच दरडावायच्या, "मास्तर, सांगा की त्या पोराला! बघत काय बसलाय?"

शेवटच्या भागात मारेकरी दाराशी आले. बाई ताडकन उठल्या आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

मी चिडून म्हणालो, "अहो, शेवट राहिला ना!"

"शेवट दवाखान्यात रोज बघते मी," त्या म्हणाल्या. "आज जगू दे त्याला."

खोली माणसांनी भरली होती, पण बटण दाबायला कुणीच उठलं नाही.