पाऊण फूट पाणी

जगातले सगळे आकडे आधी विहिरीच्या तळाशी असतात आणि मग पुस्तकांत येतात, अशी आमच्या घरमालकीणबाईंची पक्की समजूत होती. रेणापूरजवळच्या त्या गावात मी गणित शिकवायला गेलो आणि या मावशींच्या माडीवर राहिलो. त्यांची शाळा चौथीत सुटलेली. रोज सकाळी गल्लीच्या विहिरीच्या पायऱ्या उतरून त्या खुणांची काठी पाण्यात उभी धरत. 'दोन फूट' म्हणून मोकळं होणं त्यांना कधी जमलं नाही. दोन फूट, तीन बोटं आणि वर एक गव्हाचा दाणा, असं त्यांचं माप असे. मी शाळेला निघालो की चहा पुढे करून मला अडवायच्या आणि काल काय शिकवलं ते विचारायच्या. उणे संख्या सांगितल्या, तर गाळ काढताना तळाच्या खाली चार हात गेलो ते उणे चार का, असा प्रश्न आला. तोच दाखला मी वर्गात माझा म्हणून दिला.

एकदा मी ऐटीत सांगितलं की एक फुटाच्या चौरसाचा कर्ण कुठल्याच अपूर्णांकात मावत नाही, लिहीत गेलं तर संपत नाही. मावशींनी फरशीवर तसा चौरस आखला, त्याच्या कर्णाएवढी काडी तोडून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तुमचा आकडा सरंना, पर माझी काडी सरली की." पूर्ण, अपूर्ण, न संपणारे, सगळे एकाच रेषेवर बसतात, त्यांना वास्तव संख्या म्हणतात, असं मी सांगितलं. मग काठीवर बी सगळेच बसत्यात, एवढंच त्या म्हणाल्या. शिक्षकांच्या खोलीत मी ही गोष्ट सांगून सगळ्यांना हसवलं.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. पाणी एक फुटाच्या आत असेल तरच टँकर मिळणार होता. अर्जातला रकाना पूर्ण फुटांचा. गणिताचा मास्तर म्हणून अर्ज माझ्याकडे आला. मावशींनी पाऊण फूट मोजलं होतं. अर्ध्याच्या वर असलं की पुढचा पूर्ण धरायचा, या सवयीने मी ऐटदार अक्षरात एक लिहिला. गल्लीला टँकर मिळाला नाही. तीन आठवडे बायका नदीच्या वाळूत झरे उकरत होत्या, मावशीही.

गल्ली जाब विचारायला जमली, तेव्हा त्या म्हणाल्या, "काठी म्याच वाकडी धरली." मी शेजारीच उभा होतो आणि गप्प राहिलो. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "सर, शून्य आन् एकच्या मधी किती आकडे म्हणला होता?"

"मोजता येणार नाहीत इतके, मावशी."

"त्यातला एक बी सापडला न्हाई तुमाला?"

दुसऱ्या दिवशी मी रकान्याबाहेर 'पाऊण फूट' असं लिहून नवा अर्ज देऊन आलो. टँकर आला. गल्लीला मात्र मी खरं सांगितलं नाही, आणि मावशी गेल्या तेव्हाही ती चूक त्यांच्याच नावावर होती. याची लाज अजून जात नाही. फळ्यावर शून्य आणि एक लिहिले की माझा हात मध्येच थांबतो. मग मी पाऊणची खूण करतो आणि हे माप कुणाचं होतं, चूक कुणाची होती, ते मुलांना सांगतो. सांगायचं होतं त्या गल्लीत.